वस्तादांचे उपास आणि सगुणाबाईची परडी

मंडळी, देवीपुढे बसलाय, खोटं बोलायचं नाही. एक विचारतो, खरं सांगा. मागणारा मोठा, की न मागणारा मोठा?

पुढच्या रांगेतल्या पागोट्यांनी उत्तर दिलं बघा! "न मागणारा." आणि माझ्या मायबहिणी गप्प. का हो गप्प? उत्तर माहीत आहे, पण कारभारी शेजारीच बसलेत. असू द्या. उत्तर मी देत नाही, गोष्ट देईल. तबलजी, हात जरा हलका ठेवा.

नदीच्या वरच्या अंगाला तांबेवाडी नावाचं गाव. तिथे हैबती वस्ताद राहायचे. नाव ऐकूनच कळलं असेल, तालमीतला माणूस. उमेदीच्या वयात मोठमोठ्या फडात उतरले, पण या माणसाच्या पाठीला कुणी माती लावली नाही. आता वय झालेलं. अंगातली रग गेली, पण ताठा? ताठा कुठे जातोय! "उपाशी मरीन, पण हात पसरणार न्हाय," हे त्यांचं वाक्य गावातल्या पोरासोरांना पाठ होतं.

आणि घरात सगुणाबाई. अंबाबाईची भक्तीण. गळ्यात कवड्यांची माळ, नवरात्रात हातात परडी, पाच घरी जोगवा. परडी माहीत आहे ना? वेताची, त्यात हळदकुंकू. दारात उभं राहायचं, आईचा उदो करायचा, घरधनीण सुपातून पीठ वाढते. वाढणारीच परडीच्या पाया पडते. मागणारी ताठ, देणारी वाकलेली! असा रिवाज दुसरीकडे कुठे बघितलाय?

तर झालं काय, वस्तादांना बीपीनं धरलं. त्यात हृदयाचं दुखणं निघालं. गोळ्या सुरू झाल्या. आणि मंडळी, गोळीचं एक असतं, ती दिसते लहान, पण खाते फार. आधी गोठ्यातली म्हैस खाल्ली. मग सगुणाबाईच्या हातातल्या पाटल्या खाल्ल्या.

पाटल्या गेल्या आणि चमत्कार झाला. वस्तादांना देवाची गोडी लागली! आयुष्यभर मटणाच्या रश्श्याशिवाय ज्यांचा रविवार सरला नाही, ते उपास धरू लागले. सोमवार महादेवाचा. गुरुवार दत्ताचा. शनिवार मारुतीचा. मधे एकादशी, मधे संकष्टी. बायको गोळी आणि पाणी घेऊन पुढे आली की म्हणायचे, "आज उपास हाय. गोळीत कसलं पीठ असतंय कुणाला ठावं? उपासाला चालत न्हाय."

हसताय! गाव हसलं नाही. गावानं हार घातला. देवळाच्या पायरीवर बसवून सत्कार केला, "या वयात असं कडक व्रत!" खुद्द पुजाऱ्यानं पाय धरले.

मंडळी, हा उपास कुठल्या देवाला पोचत होता? महादेवाला? तो काय बेलाच्या पानावर राजी होणारा देव, त्याला हैबतीची गोळी घेऊन काय करायचं? तो उपास पोचत होता औषधाच्या पिशवीला. एक पिशवी दुप्पट दिवस पुरत होती.

इकडे दवाखान्यात डॉक्टरीणबाई चक्रावल्या. त्यांचं आडनाव मुळे. वस्तादांचं बीपी उतरेना. मग त्यांनी गोळी वाढवली. गोळी वाढली, खर्च वाढला. खर्च वाढला, तसा एक मंगळवारचा गणपतीही वस्तादांच्या उपासात आला! डॉक्टर देतात वाढवून, वस्ताद घेतात घटवून. असा हा खेळ चालला.

आणि जत्रा आली. कुस्त्यांच्या फडात वस्ताद पंच. जोड लागली, वस्तादांनी निकाल द्यायला तोंड उघडलं आणि शब्द वाकडा आला. जीभ वळेना. मांडी घातलेला माणूस बसल्या जागी कलंडला. ज्या पाठीला कधी माती लागली नव्हती, तिला त्या दिवशी लागली.

उचलून दवाखान्यात नेलं. देवीची कृपा, तासाभरात जीभ वळली. मुळेबाई म्हणाल्या, "ही सूचना होती. पुढच्या वेळी सूचना येणार नाही, थेट अर्धांग येईल. गोळ्या रोज घेतात ना हे?"

सगुणाबाई म्हणाली, "घेत्यात की. उपास सोडून."

"उपास कधी असतो?"

बिचारी बोटांवर मोजायला लागली. "सोमवार... मंगळवार... बेस्तरवार... शनिवार... मधे एकादस, मधे संकष्टी..." मोजता मोजता तिची बोटं थांबली. तिनं नवऱ्याकडे बघितलं. नवरा भिंतीकडे बघत होता. तिला सगळं कळलं. अन्नाचा उपास नव्हता तो, औषधाचा होता. आणि माझ्या पाटल्या गेल्या म्हणून होता.

रडली ती. तिथेच रडली.

घरी येताना म्हणाली, "अवो, कुणाला तरी इचारूया. औषधाला मदत करणारं कुणी असंलच की." तशी वस्तादांनी शपथ घातली. "माझ्या औषधापायी तू कुणाच्या दारात हात पसरलास, तर माझं मेलेलं तोंड बघशील."

आता आली का पंचाईत! मागावं तर शपथ, न मागावं तर अर्धांग. मायबहिणींनो, तुम्ही काय केलं असतं?

सगुणाबाईनं घट बसायची वाट बघितली. दुसऱ्या दिवशी न्हाऊन कपाळभर मळवट भरला, कवड्यांची माळ घातली, परडी उचलली आणि निघाली. कारण जोगव्याला निघालेली बाई ही कुणाची बायको नसते. तिच्या तोंडानं आई मागते. आईला कुणी शपथ घातली नव्हती.

पहिलं घर कुठलं घेतलं? दवाखाना! रांगेतल्या माणसांनी वाट दिली. मुळेबाई तपासायच्या खोलीत, आणि दारात आवाज घुमला, "उदो! जोगवा वाढा!"

मुळेबाई गडबडल्या. "मावशी, दवाखान्यात पीठ कुठून आणू?"

"पीठ नको. आई औषध मागत्या. आम्हास्नी परवडंल असं वाढा."

मुळेबाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "अहो मावशी, हे आधी का नाही सांगितलंत? गोळी लागू पडत नाही असं समजून मी वाढवत गेले. मला काय ठाऊक, तुम्हाला जड जातंय!" त्यांनी चिठ्ठी नवी केली. वाढवलेलं कमी केलं. कंपनीचं नाव काढून औषधाचं मूळ नाव घातलं आणि पुढची दोन घरं स्वतःच सांगितली.

एक घर सरकारी आरोग्य केंद्र. तिथे बीपीच्या गोळ्या फुकट मिळत होत्या. पण वस्ताद म्हणायचे, "फुकटच्या औषधाला फुकटचाच गुण." म्हणून या घराकडे कधी पाऊलच वळलं नव्हतं. तिथल्या सिस्टरनी परडीला नमस्कार करून गोळ्या वाढल्या. दुसरं घर तालुक्यातलं स्वस्त औषधांचं दुकान. औषध तेच, फक्त वरचा कागद साधा आणि भाव जमिनीवरचा.

राहिली एक गोळी. हृदयाची, महागडी. ती यात कुठेच नव्हती. वाटेत गूळवाल्या शेठजींचा वाडा लागला. सगुणाबाई उभी राहिली. शेठ म्हणाले, "पीठ हवं तर ने. औषधं वाटायला लागलो तर गावाला सवय लागेल."

रागावली का? नाही! दार मिटलं तरी जोगवा मागणारीनं शिव्याशाप द्यायचे नाहीत, ते घर सोडून पुढचं धरायचं, असा नेमच आहे. नोकरीला नकार आला की आपण आठ दिवस अंथरूण धरतो. ही बाई उदो म्हणून पुढे चालू लागली.

पुढचं घर लांब होतं. शहरातला मोठा धर्मादाय दवाखाना. तिथे एक खोली असते, पैशाअभावी ज्यांचं औषध अडलंय त्यांना वाट दाखवणारी. वर पाटीही असते. आपण ती पाटी वाचतो आणि पुढे जातो, कारण आपल्याला वाटतं की ती दुसऱ्या कुणासाठी आहे. सगुणाबाईला वाचता येत नव्हतं. तिनं विचारलं! खोलीतल्या बाईंनी विचारपूस केली, फोन केले, आणि एका ट्रस्टनं ती गोळी दर महिन्याला द्यायचं कबूल केलं.

चार घरं झाली. पाचवं?

दिवेलागण झाली होती. वस्ताद घरात एकटे. दारात आवाज आला, "उदो! जोगवा वाढा!" वस्ताद उठले, सुपात पीठ घेतलं, बाहेर आले आणि बघतात तर काय, दारात स्वतःचीच बायको. कपाळी मळवट, डोळ्यांत पाणी, आणि परडीत हळदकुंकवावर गोळ्यांची पाकिटं.

"शपथ मोडलीस?"

"न्हाय मोडली. सगुणेनं मागितलं न्हाय. आईनं मागितलं, लोकांनी आईला वाढलं. आता आईला तुमच्याकडनं पायजे."

वस्तादांनी सूप पुढे केलं.

"पीठ नको. तुमचं उपास वाढा. सगळं."

मंडळी, हैबती वस्तादांनी उभ्या आयुष्यात दारातून परडी रिकामी जाऊ दिली नव्हती. आणि आज परडीत टाकायचा होता तो ताठा. सूप खाली ठेवलं. कुणापुढे न वाकलेलं ते डोकं परडीवर टेकवलं आणि लहान लेकरासारखे रडले. "दिलं," म्हणाले. "सोमवार दिला, शनवार दिला, समदं दिलं." सगुणाबाईनं तिथेच उंबऱ्यावर पाकीट फोडलं, पाणी दिलं, आणि त्या वाघानं गोळी गिळली.

पुढचं ऐका, खरी मजा पुढंच आहे. दसऱ्याला तालमीत सगळं गाव जमलं. वस्ताद उठले आणि म्हणाले, "तुम्ही मला हार घातला, तो काढून घ्या. मी देवाचा न्हाय, औषधाचा उपास करत होतो." मग कोपऱ्यातून लोहारांचे शंकरनाना म्हणाले, "वस्ताद, माझा बी गुरुवार तसलाच हाय." मग आणखी एकजण. मग बायकांतून एक आवाज. सत्यनारायण, संकष्टी, निम्म्या गावाची व्रतं उघडी पडली!

तेव्हा हैबती वस्तादांनी बायकोच्या हातातली परडी घेतली. ताठ मानेनं! अख्खी तालीम पाठीमागं. सरळ शेठजींच्या दारात. "शेठ, उदो! गावासाठी मागतोय." शेठजींनी बाहेरची गर्दी बघितली, पुढे उभा असलेला तो पहाड बघितला, आणि त्यांचा गुळाचा टेम्पो दर मंगळवारी गावातल्या आजाऱ्यांना आरोग्य केंद्रात न्यायला दिला. आजही तो जातो. वस्ताद ड्रायव्हरशेजारी बसतात. बीपी उतरलंय, जीभ खणखणीत आहे, आणि रविवारी रस्सा... डॉक्टरीणबाईंना सांगू नका, थोडासा चालतो.

आता तुमच्याकडे वळतो. आरतीची घाई करू नका. या मांडवातही कुणाचा असा उपास चालू आहे. अर्धी गोळी, एकाआड एक गोळी, "आता बरं वाटतंय" म्हणून बंद केलेली गोळी. आई पाच घरी उभी राहते, आणि आपण तिच्यापेक्षा मोठे? हात वर करू नका, उभेही राहू नका. फक्त शेजारी बसलेल्याच्या कानात सांगा. आत्ता. टाळकरी, टाळ थांबवा, मीही थांबतो.

...हं. कुजबुज सुरू झाली. तिकडे खांबाजवळ कुणीतरी डोळे पुसतंय, पुसू द्या. आजीबाई, जरा मोठ्यानं सांगा, ते आजोबा ऐकायला कमी आहेत. लाजू नका, उद्या सकाळी तुमच्याबरोबर मी येतो दवाखान्यात.

बोला तर मग, पोटातून बोला. दारोदार मागणाऱ्या आणि घरोघर देणाऱ्या आपल्या आईचा — उदो!