चौदाव्या वळणापर्यंत

हेक्टर: बिल्ला विसरलीस.

एफी: विसरले नाही.

हेक्टर: मग घे की काढून. हवेची टाकी घेतलीस, दोर घेतलास, आणि बिल्ला तसाच हुकावर. अठ्ठावीस नंबर, एफी मॅकलेलन. एवढी मोठी कमांडर झालीस तरी या फळ्यापाशी आलं की सगळे सारखे. बाहेर जाणाऱ्याचा बिल्ला त्याच्या खिशात, परत आला की हुकावर. हे आता मी तुला शिकवायचं?

एफी: राहू दे तिथेच, हेक्टर.

हेक्टर: का?

एफी: फळा भरलेला दिसला की दार बंद करता येतं.

हेक्टर: तू बाहेर असताना?

एफी: मी बाहेर असताना.

हेक्टर: बस खाली. त्या पेटीवर बस. होडी सुटायला अजून अर्धा तास आहे. सकाळपासून बघतोय मी, तुझं काहीतरी बिनसलंय. एरवी ओटची एक भाकरी तुझ्या घशाखाली उतरत नाही, आज तीन खाल्ल्यास. वर स्वैपाकघरात जाऊन सेडीला म्हणालीस, छान झाल्यात म्हणून. ती बिचारी रडायची बाकी होती. वीस वर्षांत तिला कुणी असं म्हटलेलं नाही.

एफी: छान झाल्या होत्या.

हेक्टर: दगड झाल्या होत्या. काय दिसलंय तुला?

एफी: वाट दिसली. शनीच्या कड्यांतून बाहेर पडेपर्यंतची, शत्रूने पेरलेल्या सुरुंगांमधून जाणारी. चौदा वळणं. सगळी फ्लोराला सांगितलीत, तिने सुकाणूशेजारी लिहून चिकटवलीत. मी लहान होडी घेऊन पुढे, तुम्ही जहाज घेऊन मागे.

हेक्टर: ते अख्ख्या जहाजाला ठाऊक आहे. चौदाव्यानंतर काय?

एफी: चौदाव्यानंतर काही नाही.

हेक्टर: काही नाही म्हणजे मोकळं आकाश?

एफी: काही नाही म्हणजे काही नाही.

हेक्टर: डोळे मिटले असशील. दमली असशील, जरा डोळा लागला असेल.

एफी: असेल.

हेक्टर: माझी समजूत काढू नकोस. तुझ्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठा आहे मी. ग्लेस बे गावात आमच्या पायरीवर बसून माझ्या आईच्या हातचं खाऊन वाढलीस तू. तुझी थाप मला कळते.

एफी: मग ऐक सरळ. शेवटचा सुरुंग मोठा आहे, तो वाटेतून हलत नाही. त्याला काहीतरी द्यावं लागतं. असला फुटला की दर वेळी चार मिनिटं वाट मोकळी राहते, मग बाजूचे सरकून भोक बुजवतात. चार मिनिटांत जहाज पलीकडे गेलं पाहिजे. आणि आपलं जहाज जाणार नाही. का, ते तुला माहीत आहे.

हेक्टर: एक बिल्ला बाहेर असताना दार लागत नाही, आणि दार उघडं असताना जहाज पूर्ण वेग घेत नाही, म्हणून.

एफी: कप्तान मॉरिसनने हुकूम दिला तरी इंजिनवाले हात बांधून उभे राहतील.

हेक्टर: राहतीलच. समुद्राखालच्या कोळशाच्या खाणीतून आपले पणजोबा वर यायचे तेव्हापासूनची रीत आहे ती. खाली एक माणूस राहिला तरी माणसांना वर नेणारा पाळणा थांबायचा. कंपनीने पोलीस आणले तरी हलायचा नाही. आता ते तुझ्या सोयीसाठी मोडायचं?

एफी: इथल्या खाणवस्तीतून सोडवून आणलेली तीनशे माणसं आहेत आपल्या जहाजात. जेवणघरात पाय ठेवायला जागा नाही. त्यांच्या सोयीसाठी मोड.

हेक्टर: मागच्या लढाईत अकरा मिनिटं थांबलो होतो मी तुझ्यासाठी. हाच फळा, हेच दार. कप्तान मला शिव्या घालत होता आणि मी दाराच्या दांड्याला मिठी मारून उभा होतो.

एफी: तेव्हा मला दिसलं होतं, तू थांबशील म्हणून. या वेळी तू दिसत नाहीस.

हेक्टर: रिकामी होडी सोड की मग. होडीच द्यायची ना त्या सुरुंगाला?

एफी: रिकाम्या होडीतून मला काय दिसणार?

हेक्टर: दिसून झालंय ना आता. चौदा वळणं कागदावर आहेत. तू इथे बस, चहा पी. फ्लोरा कागद बघून जहाज काढेल.

एफी: हेच म्हणाले होते. दहा वर्षांपूर्वी, अगदी याच शब्दांत.

हेक्टर: कोण?

एफी: मोठे साहेब. 'डॉमिनियन' जहाजाच्या वेळी.

हेक्टर: त्या जहाजाचं नाव माझ्यासमोर काढू नकोस.

एफी: आज काढते. मग वेळ नाही. तुझा भाऊ लॉकी त्यावर होता आणि वळणं मी सांगितलेली होती. साठ माणसं गेली. लॉकीच्या मातीला मी आले तेव्हा तू तोंड फिरवलंस.

हेक्टर: फिरवलं.

एफी: बरोबरच होतं तुझं. पण झालं काय ते कधी विचारलं नाहीस.

हेक्टर: काय विचारणार? एफीला चुकीचं दिसलं, लोकांनी तेवढंच सांगितलं. नंतर तुला पदक मिळालं. पेपरात फोटो बघितला आणि चुलीत घातला.

एफी: मला चुकीचं दिसत नाही. मला दिसतं ते माझ्याच डोळ्यांनी दिसतं. परवा मी जिथे असणार, जे बघणार, तेच आज आधी दिसतं. जिथे मी नसेन तिथलं एक अक्षर दिसत नाही. 'डॉमिनियन'च्या पुढे होडीत मी जाणार होते. म्हणून ती वाट दिसली. मग साहेब म्हणाले, ही बाई फार मोलाची आहे, हिला मागे जपून ठेवा. कपाटातल्या काचेच्या भांड्यासारखं ठेवलं मला. कागद घेऊन 'डॉमिनियन' एकटं गेलं.

हेक्टर: आणि सुरुंग तिथे नव्हते.

एफी: सुरुंग पुढे कोण येतंय ते बघून सरकतात. होडी पुढे असली की तिच्याकडे ओढले जातात, मागे वाट होते. होडीच नाही, तर वाट कशी होणार? मी गेले नाही, म्हणून मी बघितलेलं खोटं ठरलं. कळलं? दिसलेलं खरं करायला मला स्वतः जावं लागतं. त्यानंतर प्रत्येक वेळी गेले. लोक म्हणायचे, बाईला पदकांची हाव सुटलीय.

हेक्टर: मीपण म्हणायचो.

एफी: ऐकलंय मी.

हेक्टर: दहा वर्षं हे पोटात घेऊन हिंडलीस? मला एका शब्दाने सांगितलं नाहीस?

एफी: सांगून काय, साहेबांवर ढकलायचं? मी हट्ट करायला हवा होता. पायावर लोळण घालायला हवी होती. मी फक्त 'जी' म्हणाले आणि बसले. चौतीस वर्षांची होते. साहेब लोकांना कळत असेल असं वाटायचं मला.

हेक्टर: आणि मी दहा वर्षं मनात अढी ठेवून तुझ्यासाठी दार उघडत होतो.

एफी: ठाऊक होतं.

हेक्टर: तेही दिसलं होतं?

एफी: त्याला कशाला दिसायला हवं? तुझं थोबाड बघितलं की कुणालाही कळतं.

हेक्टर: एफी, दुसऱ्या कुणाला पाठव. मी जातो होडी घेऊन. साठीला आलोय, गुडघे गेलेत, मला कोण रडणार आहे?

एफी: तू गेलास तर मी बघितलेलं पुन्हा खोटं. पुन्हा 'डॉमिनियन'. जेवणघरात जाऊन ये एकदा. एक म्हातारी आहे, टोपलीत मांजर लपवून आणलंय तिने. तिला वाटतं कुणाला माहीत नाही. अख्खं जहाज तिला मासळी नेऊन देतंय. त्या सगळ्यांना कागदाच्या भरवशावर सोडू?

हेक्टर: भीती नाही वाटत?

एफी: वाटते. तीन भाकऱ्या खाल्ल्या ते काय चवीसाठी?

हेक्टर: मी बरीच शूर माणसं बघितलीत. बहुतेकांना पुढे काय वाढून ठेवलंय ते माहीत नव्हतं, म्हणून शूर होती. तुला घडीघडीचं माहीत आहे आणि तू चहा पिऊन, बूट बांधून निघालीयस. तुझ्यासारखी बाई मी बघितली नाही. हे तोंडावर सांगतोय, कारण मागाहून सांगून उपयोग नाही.

एफी: मग माझं एक काम कर. बिल्ला राहू दे हुकावर. दार लागेल तेव्हा ओरडून सांग, सगळे आत.

हेक्टर: नाही.

एफी: हेक्टर.

हेक्टर: खोटा बिल्ला या फळ्यावर राहणार नाही. माझ्या बापाने खाणीत हे काम केलं, त्याच्या बापाने केलं. खोटं 'सगळे आत' आमच्या घरातून कुणी ओरडलेलं नाही. हा घे. खिशात घाल.

एफी: मग जहाज थांबेल आणि सगळे मरतील. तुझ्या घराण्याच्या अब्रूपायी.

हेक्टर: दार वेळेत लागेल. माझा शब्द.

एफी: कसं लागेल? फसवणार नाहीस म्हणतोस, आणि माणसं खरं कळल्यावर हलणार नाहीत.

हेक्टर: तुला ते दिसलंय?

एफी: तिथे मी नसेन. नाही दिसलं.

हेक्टर: मग एकदा तरी न बघता विश्वास ठेव. आम्ही तुझ्यावर इतकी वर्षं तसाच ठेवला. खिशात घाल म्हणतो ना.

एफी: घातला. चार मिनिटं, हेक्टर. पाच नाहीत.

(दोन तासांनंतर. एफी होडीत, हेक्टर दारापाशी फळ्याजवळ. बोलणं रेडिओवर.)

एफी: नववं. डावीकडे, जरा वर. वेग वाढवू नका.

हेक्टर: नववं, डावीकडे वर. फ्लोराला पोचलं. जहाज वळतंय.

एफी: खडकाचा लाल तुकडा दिसेल, घोड्याच्या डोक्यासारखा. त्याला चिकटून जायचं.

हेक्टर: दिसला. घोडा कसला, डुक्कर आहे ते.

एफी: मला परवा घोडा दिसला होता. दहावं, उजवीकडे. मागे किती अंतर आहे तुमचं?

हेक्टर: ठरल्याएवढं. तुझ्या मागचे सगळे सुरुंग कडेला ओढले गेलेत, लग्नाच्या वऱ्हाडाला वाट द्यावी तसे. एकसुद्धा आमच्याकडे बघत नाही.

एफी: अकरावं, सरळ खाली. आता सांग, सांगितलंस का लोकांना?

हेक्टर: सांगितलं. भोंग्यावरून, सगळ्यांना एकदम. चौदावं वळण, मोठा सुरुंग, चार मिनिटं. 'डॉमिनियन'चंपण सांगितलं. कागद बरोबर होता, बाईला जाऊ दिलं नाही म्हणून साठ माणसं गेली, हे माझ्या तोंडून सांगितलं. लॉकीचं नाव घेऊन.

एफी: त्याची गरज नव्हती.

हेक्टर: मला होती.

एफी: मग काय म्हणाले? थांबणार म्हणाले ना?

हेक्टर: थांबणारच म्हणाले. इंजिनवाले तर ओरडायलाच लागले. बिल्ला बाहेर असताना दार लावणाऱ्याचा हात तोडू म्हणाले.

एफी: बारावं. उजवीकडे, हळू. हेक्टर, तू शब्द दिला होतास.

हेक्टर: बारावं, उजवीकडे हळू. ऐक तर पुढचं. मी म्हटलं, रीत नीट आठवा. पाळणा थांबायचा तो वर आलेल्यांनी खाली राहिलेल्याला सोडून घरी जाऊ नये म्हणून. आपण वर आलोय का? घरी निघालोय का? एफी कामावर आहे, तर आपणही कामावर आहोत. असं म्हटलं आणि माझा बिल्ला हुकावरून काढून खिशात घातला.

एफी: तू घातलास?

हेक्टर: चाळीस वर्षांत दारापासून न हललेल्या माणसाने. तेवढ्यात कप्तान मॉरिसन वरून खाली आला, त्याने त्याचा काढला. मग सेडी आली, हात पिठाचे. मग इंजिनवाले, एकामागून एक, शिव्या देत. फ्लोराला सुकाणू सोडता येईना, तिचा मी नेऊन दिला. फळ्यावर आता एकही बिल्ला नाही, एफी. कामाची पाळी संपलेली नाही, कुणी परतलेलं नाही. मागे राहिलेलं असं कुणी नाहीच, तर थांबायचं कुणासाठी? दार लागेल.

एफी: कधीपर्यंत चालणार ही पाळी?

हेक्टर: ग्लेस बेला पोचल्यावरसुद्धा हुकावर लावायचे नाहीत, असं ठरलंय. ज्याने त्याने जवळ ठेवायचा, मरेपर्यंत.

एफी: तेरावं.

हेक्टर: कुठे?

एफी: थांब. डोळे पुसू दे. डावीकडे. डावीकडे, जरा खाली.

हेक्टर: तेरावं, डावीकडे खाली.

एफी: हे काही मला दिसलं नव्हतं. फळ्याचं.

हेक्टर: तू तिथे नव्हतीस.

एफी: बरं झालं नाही दिसलं. चौदावं, हेक्टर. सरळ. फ्लोराला म्हणावं, उजेड झाला की डोळे बारीक करून तशीच पुढे, हात हलू द्यायचा नाही.

हेक्टर: सांगितलं. ती म्हणते, तिच्या लेकीला तुझं नाव ठेवणार.

एफी: तिला म्हणावं, दुसरं एखादं बरं नाव शोध. समोर आलाय तो. केवढा आहे. इथपर्यंतच दिसलं होतं मला.

हेक्टर: ऐकतोय मी.

एफी: गंमत वाटते. जन्मात पहिल्यांदा पुढच्या क्षणाचं काही ठाऊक नाही. तुम्ही सगळे असेच जगता, रोज?

हेक्टर: रोज.

एफी: शूर आहात.

हेक्टर: एफी.

हेक्टर: एफी, उजेड झाला. फार मोठा झाला. वाट मोकळी झालीय. फ्लोरा सरळ चाललीय, हात हललेला नाही. दार मी लावलं, माझ्या हाताने लावलं. एक मिनिट झालं. दोन्ही बाजूंचे सुरुंग दिसतायत, अजून लांब आहेत. दोन मिनिटं. तीन.

हेक्टर: बाहेर पडलो, एफी. सगळे. तुला इथलं दिसलं नव्हतं, म्हणून सांगतोय. समोर काहीच नाही, एक दगडसुद्धा नाही. लांबवर सूर्य आहे, बारका, हरभऱ्याएवढा. म्हातारीचं मांजर टोपलीतून सुटलंय आणि कप्तानाच्या खुर्चीत जाऊन बसलंय, आणि त्याला कुणी उठवत नाही. मी बोलत राहतो. घर येईपर्यंत जे दिसेल ते सांगत राहतो.