मिटल्या डोळ्यांचं दर्शन

मंडळी, ऐका! एक प्रश्न विचारतो. आपण रोज देवाचं दर्शन घेतो — पण देवाला पाहतो का? हसू नका! आजोबा, तुम्ही तर मुळीच नका.

कुंभेरी गावात एक भार्गव पेंटर होता. वाघजाईच्या उत्सवात देवीमागचा पडदा चाळीस वर्षं यानंच रंगवला. खाली झोकात सही — ‘भार्गव पेंटर, कुंभेरी’! पण औंदा काय झालं? हात थरथरायला लागला! रेघ काढायला जावं तर ओढ्याचं वळण! पंच म्हणाले, “पेंटर, राहू दे. शहरातून तयार पडदा आणू.” भार्गव घरी येऊन ढसाढसा रडला हो! “हात गेला, माझी सेवा गेली!”

सून केतकी हुशार. म्हणाली, “मामंजी, मोबाइलमध्ये नुसतं शब्दांत सांगायचं, यंत्र चित्र काढून देतं. बघा तरी!”

भार्गवानं सांगितलं — वाघावर बसलेली देवी. आलं चित्र! देवी झकास, पण वाघाला पाय पाच! पाचवा कशाला? पळून जायला? पुन्हा सांगितलं. वाघ सुधारला, तर देवीच्या हाताला सहा बोटं! पण गड्याला गोडी लागली, बरं का! उजेड बदल, रंग बदल, डोंगर मागे सरकव — चार दिवस जेवणाची शुद्ध नाही. शेवटी एक देखणं चित्र बायकोला दाखवलं. अनसूयाबाई म्हणाली, “अहो, ही कोण बाई?”

“कोण म्हणजे? वाघजाई!”

“छे! एवढं चाफेकळी नाक? आपल्या देवळातल्या आईचं नाक बसकं आहे. डावा खांदा उतरता आहे, म्हणून पदर घसरतो, मी टाचणी लावते. आणि खालचा ओठ... आता हसेल की मग, असा.”

“तुला गं काय ठाऊक?”

“चाळीस वर्षं लुगडं नेसवतेय तिला!”

“मग मला कसं नाही दिसलं? चाळीस वर्षं मीही हात जोडतोय!”

“जोडता हो! पण देवळात आलात की डोळे मिटून घेता!”

मंडळी, भार्गव तसाच उठला, देवळात गेला, आणि डोळे उघडे ठेवून तासभर आईसमोर बसला. घरी आला. बायको सांगतेय, हा नेमके शब्द शोधतोय, यंत्र काढतंय, दोघं खोडतायत! तिसऱ्या दिवशी अनसूयाबाईनं चित्र बघितलं आणि पटकन पदर डोक्यावर घेतला. बस्स! आणखी कुणाला विचारायचं?

चित्र कापडावर छापलं, पडदा लागला. पंच बघतच राहिले! आणि खालची सही? थरथरत्या हातानं, ब्रशनंच, वेडीवाकडी लिहिली — ‘अनसूयेनं पाहिली, भार्गवानं सांगितली, यंत्रानं काढली.’ काय आनंद झाला असेल हो त्या म्हाताऱ्याला! हात गेला होता, सेवा गेली नव्हती.

आता तुमची पाळी! तुमच्या गावची आई या क्षणी तुमच्या पाठीशी आहे. मागे वळायचं नाही! सांगा — आज तिच्या अंगावर लुगडं कुठल्या रंगाचं आहे?

...का हो? आत्ताच दर्शन घेऊन बसलात ना?

बरं, ते राहू द्या. सकाळी घरी जिनं चहाचा कप हातात दिला, तिच्या साडीचा रंग सांगा!

बघा कसे माना खाली घालतात! अरे, वर करा त्या. वळा आईकडे, हात जोडा — आणि आज डोळे मिटू नका!