तांबड्या पेन्सिलीने खोडलेले पान

ता. १९ जानेवारी १९५७

काशीराम लवू पेडणेकर, वय ४८, धंदा छापखाना, राहणार घाटकोपर, छापखान्याच्याच माडीवर.

समक्ष विचारल्यावरून सांगतो की, मी मूळचा मालवणकडचा. बारा वर्षे गिरणीत काढून स्वतःचा छापखाना घातला. लग्नपत्रिका, हँडबिले आणि कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंतच्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांची पुस्तके छापतो.

ता. ८ रोजी औषध कंपनीचे श्री. चंद्रप्रकाश वागळे आठ पानांचा अहवाल छापायला देऊन गेले. क्षयावरच्या नव्या गोळ्या साठ रोग्यांना देऊन काय झाले, ते एका डॉक्टरीणबाईंनी त्यात लिहिले होते.

आमच्याकडे प्रूफ दोघांनी तपासायची रीत आहे. छपाईचे शिशाचे खिळे जुळवणारा बाळा मूळ कागद मोठ्याने वाचतो, मी प्रूफावर बोट ठेवून ऐकतो. पाचव्या पानावर किती जणांना आराम पडला ते होते. सहाव्यावर किती जणांचे कान गेले ते. सहावे पान मी त्याच्याकडून तीनदा वाचून घेतले. तो म्हणाला, "काशीरामभाऊ, चूक कुठेच नाही." मी म्हटले, "म्हणूनच वाच रे."

ता. ९ रोजी सकाळी श्री. वागळे आले आणि त्यांनी सहावे पान तांबड्या पेन्सिलीने खोडले. बोलणे झाले ते असे:

"हे नको. डॉक्टर लोकांना एवढं वाचायला वेळ नसतो."

"मग पाचवं काढा ना, साहेब. सहावं लहान आहे."

"पेडणेकर, तुमचं काम छापायचं. वाचायचं नाही."

"न वाचता छापलं तर पत्रिकेत नवरा बदलतो, साहेब."

ते हसले. मीही हसलो. त्या पानाचे खिळे आजच सोडून टाका, असे सांगून ते गेले.

दुपारी माडीवर जेवायला गेलो. पत्नी रत्नप्रभा शेगडीकडे तोंड करून भाकऱ्या करत होती. मी दोन हाका मारल्या. तिसरी मारली नाही, जवळ जाऊन खांद्याला हात लावला. तिला याच गोळ्या दिवाळीपासून चालू होत्या.

गिऱ्हाईक काम घेऊन गेल्यावरही आठ दिवस आम्ही जुळवलेला मजकूर मोडत नाही, दोऱ्याने बांधून ठेवतो. गिऱ्हाईक परत येते, हा अनुभव. ता. १२ रोजी कंपनीने सहाव्या पानावाचून अहवाल नेला. ता. १४ रोजी मी पूर्ण अहवालाच्या दोनशे प्रती माझ्या कागदावर छापल्या. चाळीस प्रती डॉक्टरांना टपालाने गेल्या. त्यांचे पत्ते मीच छापतो, शोधावे लागले नाहीत. उरलेल्या एकशे साठ आणि बांधलेले खिळे कंपनीच्या फिर्यादीवरून काल पोलिसांनी नेले. ते सर्व नष्ट करावे अशी कंपनीची मागणी असल्याचे समजले.

कोणाच्या सांगण्यावरून छापले असे विचारल्यावरून सांगतो, कोणाच्याही नाही. डॉक्टरीणबाईंना मी आजवर पाहिलेले नाही. बाळा त्या दिवशी रजेवर होता, छपाईचे ट्रेडल यंत्र मी स्वतः पायाने चालवले. चोरून छापले हे खरे नाही. शेवटच्या पानाखाली माझे नाव आणि पत्ता आहे. चोर पत्ता ठेवून जात नाही.

खोडलेल्या पानातले आकडे जबाबात घ्यावेत असे मी म्हटले. फौजदारसाहेब म्हणाले, "त्याचा इथे काय संबंध?" मी म्हटले, "साहेब, चोरीची फिर्याद आहे. माल काय होता ते लिहावं लागेल ना?" साहेब जमादारांना म्हणाले, "घ्या लिहून."

माल येणेप्रमाणे: गोळ्या दिलेले रोगी साठ. आराम पडलेले अडतीस. ऐकू येणे कमी झालेले सतरा. गोळ्या थांबवल्यावर कान सुधारलेले आठ. न सुधारलेले नऊ.

जमादारांनी हा जबाब मोठ्याने वाचला, मी कागदावर बोट ठेवून ऐकला. लिहिताना शेवटचे नऊ राहून गेले होते, ते माझ्यासमोर घातले. आता माझ्या सांगण्याबरहुकूम आहे.