वेगळ्या चुलीनंतर बंद झालेल्या गोळ्यांबाबत

पुरवणी जबाब, दिनांक २१ सप्टेंबर २०२४

मी सौ. साधना रंगनाथ विधाते, वय ४३ वर्षे, धंदा फुलशेती, राहणार विधाते मळा, गंगापूर रोड, नाशिक. मला कोणी बोलावलेले नाही. आपण होऊन ठाण्यात येऊन सांगते की, माझा दीर मयूर, वय २९, याच्या गुन्ह्यात मी मार्चमध्ये दिलेला जबाब एका ठिकाणी खोटा आहे. तेवढा दुरुस्त करायचा आहे.

दिनांक ११ मार्च रोजी सकाळी साडेनऊच्या सुमारास मयूरने मळ्यात कोयत्याने चार माणसे मारली. त्याची बायको स्नेहल, त्याची आई म्हणजे माझ्या सासूबाई मालनबाई, ओरडा ऐकून धावत आलेले शेजारचे चिमाजी आबा आणि माझी मुलगी दिशा, वय ११ वर्षे. मी झेंडूचे क्रेट घेऊन मार्केटला गेले होते. दिशाला शाळेला सुट्टी नव्हती. पोट दुखतंय म्हणाली, म्हणून मीच घरी ठेवली होती.

तेव्हा साहेबांनी विचारले होते की, आरोपीला डोक्याचा काही आजार होता काय. मी सांगितले, नाही, चांगला शहाणा आहे. मार्केटवरून आले तेव्हा कोयता पंपावर धुऊन जागेवर ठेवलेला दिसला, हेही मीच सांगितले. त्याला फाशी व्हावी म्हणून सांगितले. माझे पती रंगनाथ यांचेही तेच म्हणणे होते व आहे.

खरे असे आहे की, मयूरला सहा वर्षांपासून आजार आहे. त्याला आवाज यायचे, लोक आपल्यावर टपले आहेत असे वाटायचे. आम्ही शहरातल्या डॉक्टरांना दाखवले. ते म्हणाले, गोळी एक दिवस चुकवायची नाही. हा गोळी बघितली की थुंकायचा. मग मी रोज बारीक करून त्याच्या वरणात घालू लागले. त्याला कधी कळले नाही. पाच वर्षे तो सुतासारखा सरळ होता. ट्रॅक्टर चालवायचा, दिशाला शाळेत सोडायचा.

त्याच्या लग्नाचे निघाले तेव्हा मी म्हटले, मुलीकडच्यांना सांगून टाकू. सासूबाई म्हणाल्या, "गप बस गं बाई. दोनाचे चार हात झाले की येतो ताळ्यावर. आणि हे बाहेर गेलं तर उद्या तुझ्या दिशाला कोण करून घेईल?" मी दिशासाठी भ्याले. डॉक्टरांची फाइल मी माझ्या हाताने बंबात घातली.

लग्नानंतर गेल्या दिवाळीच्या पाडव्याला सासूबाईंनी मयूरची चूल वेगळी मांडून दिली. आमच्यात तशी रीत आहे, भांड्याला भांडे लागायच्या आत वेगळे करतात. त्यानंतर आठवडाभर मी वरणाची वाटी घेऊन जात होते. एक दिवस स्नेहल हसून म्हणाली, "ताई, मला काय वरण करता येत नाही का?" सगळे हसले, मीही हसले. दुसऱ्या दिवसापासून वाटी बंद केली. तिला एवढेच सांगायचे होते की याला रोज गोळी लागते. चार महिने रोज तिच्याशी बोलत होते, पण तेवढे सांगितले नाही.

अटकेनंतर मयूर कोणालाच ओळखेना. कोर्टाने सांगितले, भानावर आला की खटला चालेल. तो तुरुंगात गोळी घेईना, म्हणून ऑगस्टमध्ये तिथल्या डॉक्टरांनी मला बोलावले. खटला चालावा म्हणून मी गेले. मी त्याच्या हातावर गोळी ठेवली आणि सांगून टाकले, "ही डोक्याची गोळी आहे. पाच वर्षं मी तुला वरणातून देत होते." माझ्या शब्दावर त्याने घेतली. महिनाभर घेत राहिला.

काल शुक्रवारी भेटले तेव्हा तो पुरता भानावर होता. बराच वेळ रडला. मग विचारले, "वहिनी, गोळ्या कधी बंद झाल्या?" तो शहाणा होता असे सांगून सगळे त्याच्या एकट्याच्या गळ्यात घातले की मी मोकळी होईन, असे मला वाटले होते. मी म्हटले, "उद्या ठाण्यात जाऊन सगळं सांगते." त्याने जाळी धरली. म्हणाला, "नका सांगू. मला फाशी होऊ द्या. एवढी दया करा." मी नाही म्हटले. तेव्हा मी दिलेली कालची गोळी त्याने थुंकून टाकली.

हवालदार साहेब विचारतात, पोटच्या पोरीच्या मारेकऱ्याला वाचवता काय. त्या दिवशी तो वेडा होता की शहाणा, हे तुम्ही आणि कोर्टाने ठरवा, पगार त्याचाच घेता. मी गोळ्या कधी बंद केल्या तेवढे सांगितले. मी त्याला माफ केलेले नाही. दया केली असेही कोणी लिहू नये.

रंगनाथ यांनी बजावले आहे की, त्याच्या बाजूने शब्द काढलास तर उंबरा चढू नकोस. माझी कपड्यांची पिशवी बाहेर बाकावर आहे. यापुढचे समन्स नांदगावला माझ्या भावाच्या पत्त्यावर पाठवावे.

सोमवारी तुरुंगाच्या डॉक्टरांनी पुन्हा बोलावले आहे. मी जाणार आहे. त्याने तोंड मिटून घेतले तरी गोळी घ्यायला लावणार आहे. त्याला रोज सकाळी उठल्यावर सगळे आठवले पाहिजे. मला आठवतेच.

हे सगळे मला मोठ्याने वाचून दाखवले. ऐकवत नव्हते, तरी शेवटपर्यंत ऐकले. मी बोलले तेच लिहिले आहे आणि ते खरे आहे.