दातांनी ऐकलेली टकटक

डॉक्टर : इंजिन चालूच ठेवतो, एकोजीराव. तुम्हीच ऐका. टक, टक, टक.

एकोजीराव : पिस्टनच्या नव्या रिंगा आहेत, डॉक्टर राजगोपाल. विलायतेहून बोटीनं आल्या. बसायला वेळ घेतात.

डॉक्टर : पिस्टन नि व्हॉल्व्ह काढून साफ करायला मोटारसायकल दिली, तेव्हा हा आवाज नव्हता. परवा तुम्ही जोडून दिलीत आणि तिरुवलंचुळीला पोचेपर्यंत सुरू झाला. दहा वाजता मला चोळपुरात कॉलऱ्याची लस टोचायचीय. दोनशे माणसं जमतील. वाटेत बंद पडली तर?

एकोजीराव : नाही पडायची.

डॉक्टर : मग हा आवाज कसला?

एकोजीराव : कुठला आवाज?

डॉक्टर : चेष्टा करता? राहू द्या. आज बैलगाडीनं जातो, उशीर झाला तर झाला. ही आगगाडीत घालून मद्रासच्या कारखान्यात पाठवतो.

पंकजा : थांबा, डॉक्टर. अप्पांना ऐकू येत नाही.

एकोजीराव : पंकजा! गिऱ्हाइकासमोर येऊ नको म्हणून किती वेळां सांगितलं? आत जा.

पंकजा : आज नाही जात. डॉक्टर, तीन महिन्यांमागं, आडी महिन्यात त्यांना ताप आला, दोन्ही कान वाहिले. तेव्हापासून तोंडाकडे बघून ओळखतात काय म्हटलं ते. तुमचंही तसंच.

एकोजीराव : झालं समाधान? लेकीनंच बापाचं दुकान बंद केलं. बहिऱ्या मिस्त्रीकडे कोण येईल आतां?

डॉक्टर : माझ्याकडे का नाही आलात, एकोजीराव? इकडे बघा, माझ्याकडे. कानाचे पडदे फाटले असतील. पण आतला कान शाबूत असला, तर हाडातून ऐकू येतं. आम्ही झणझणणारा चिमटा कवटीला टेकवून तपासतो.

पंकजा : कुठलंही हाड चालतं?

डॉक्टर : डोक्याचं. दातसुद्धा.

पंकजा : अप्पा, हा पेचकस घ्या. मूठ दातांत धरा, टोक इंजिनाला टेकवा. घट्ट चावा.

एकोजीराव : हा काय पोरखेळ?

पंकजा : माझ्यासाठी.

डॉक्टर : ... काय झालं? एकोजीराव, डोळ्यांत पाणी का? भाजलं का कुठं?

एकोजीराव : अय्यय्यो. चाललंय. इंजिन चाललंय, पोरी. नि टकटकतंय!

पंकजा : ऐकू येतंय?

एकोजीराव : तीन महिन्यांनी. थांब, परत चावतो. ... हं. दर धडक्याला एकच टक. पिस्टनचा आवाज असा येत नाही. टोक जरा खाली नेतो... इथे बारीक. वर, झाकणावर... इथे! व्हॉल्व्ह वाजतोय. बंद करा, डॉक्टर.

डॉक्टर : नवा व्हॉल्व्ह मागवायचा म्हणजे महिना गेला.

एकोजीराव : मागवायचं कांहीं नाही. चूक माझी आहे. पिस्टन दोनदां वर येतो. एकदां दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असतात, दुसऱ्यांदा किंचित उघडे. व्हॉल्व्हची दांडी नि तिला दाबणाऱ्या पट्टीतली फट लावायची ती मिटलेले असतां. मिटलेले असतां पिस्टन वर आला की प्लगच्या भोकातून फुस्स होतं. तो फुस्स मी तीस वर्षं कानानं ऐकला.

पंकजा : आणि या खेपेला?

एकोजीराव : अंदाजानं लावलं. विचारायची लाज वाटली. उघडे असतां लावली फट, म्हणून मिटल्यावर ती मोठी जाहली नि वाजायला लागली.

पंकजा : मग भोकावर अंगठा ठेवा. वारा अंगठ्याला ढकलेल.

एकोजीराव : तुझा ठेव. मी चाक फिरवतो.

(अर्ध्या तासानं. इंजिन गार झालंय.)

पंकजा : हळू, अप्पा. ... ढकलला! आता थांबा!

एकोजीराव : फट मोजायची पत्ती दे, बारीकवाली. ... सैलच होती की. बोट शिरलं असतं. ... आतां बघ, पत्ती जराशी अडकत सरकतेय. असंच पाहिजे. दुसरा व्हॉल्व्हही पाहतो... सरी, ठीक आहे. प्लग लाव. डॉक्टर, मारा किक.

डॉक्टर : ... अरे वा! वा, एकोजीराव! शिवणयंत्रासारखं चालतंय. टकटक गेली!

पंकजा : गेली, अप्पा, गेली! बघा, झाकणातून तेलाचा थेंबही गळत नाही कुठं!

डॉक्टर : साडेआठच झालेत. मद्रासला आता पत्रच टाकतो, तुमच्याकडची अवघड इंजिनं इकडे पाठवा म्हणून. आणि संध्याकाळी दवाखान्यात यायचं, कान दाखवायला.

एकोजीराव : येईन. पण आधी चोळपुरापर्यंत मी मागल्या गादीवर बसतो. गरम झाल्यावर कसं चालतं, ते मला बघायचंय.

डॉक्टर : बसा की! दोनशे माणसांना रांगेत उभं करायला कुणीतरी हवंच होतं.

पंकजा : अप्पा, मग दुकान बंद करू?

एकोजीराव : बंद कशाला? तू आहेस की.

पंकजा : कोणी आलं आणि मिस्त्री कुठंयत विचारलं तर?

एकोजीराव : तर म्हण, बोला, काय झालंय इंजिनाला?