चारचाकीला मनाई

हवालदार : काकू, हात जोडतो. मला एवढंच सांगा, शववाहिकेला चाकं किती?

काकू : चार. पण आतला माणूस काही हवा खायला निघालेला नाही रे.

हवालदार : ते कळतंय मला. पण मोटरसायकलींची रॅली गावात असेपर्यंत या रस्त्यावर चारचाकी सोडायची नाही, असा नियम आहे. नियमात जिवंत आणि मेलेले असं वेगळं काही सांगितलेलं नाही.

काकू : नियम मला नको शिकवू. कुणी करून घेतला तो?

हवालदार : काकांनी.

काकू : आणि आत कोण आहे?

हवालदार : काका.

काकू : मग! ज्याचा नियम त्यालाच अडवतोस? अरे, ह्यांना वाटलं, रॅलीवाल्यांच्या खाण्यापिण्याच्या गाड्या नि ते भोंग्यांचे ट्रक गावाबाहेर अडवले की रॅली उपाशी मरेल आणि परत फिरेल. कसली फिरते! तीनशे जण पाठीला डबे बांधून आले. आणि अडकलं कोण? आमचं ध्यान.

हवालदार : काकू, गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये.

काकू : तोंडावर बोलत आले इतकी वर्षं, आता काय लाजायचं? सोड गाडी. पाचला स्मशानाचं दार बंद होतं. लेक परगावाहून परस्पर तिथे येऊन उभी आहे. तिला इकडे येता येत नाही, मला तिकडे जाता येत नाही. बापाचं तोंड तरी तिला दिसू दे.

हवालदार : मला का वाईट वाटत नाही? पण माझ्या आधी इथे जो हवालदार होता, त्याने आइस्क्रीमचा एक टेम्पो आत सोडला. एकच. त्यातही म्हणे अर्ध्याच कांड्या होत्या. काकांनी त्याची बदली करवली. आज तो कोंडवाड्यात गुरं मोजतोय.

काकू : आता तुझी बदली करायला हे उठून बसणार आहेत का?

हवालदार : काकांचा काय भरवसा!

काकू : हे मात्र खरं बोललास.

हवालदार : मागच्या गल्लीने नेऊया का?

काकू : तिथे पायऱ्या आहेत. गाडी काय उड्या मारत जाईल?

हवालदार : मग खांद्यावरून...

काकू : खांदा कोण देणार? आमच्या आळीतले सगळे सत्तरी ओलांडलेले. एकाला पोचवायला निघायचे आणि चढावर आणखी दोघांना ठेवून यायचे. तू देतोस?

हवालदार : माझी ड्यूटी आहे. आणि माझी कंबर...

काकू : कळली तुझी कंबर. मग ऐक. गाडी जाणार नाही ना? ठीक आहे. मी ड्रायव्हरला ती रस्त्यात आडवी लावायला सांगितलीय. आम्ही नाही, तर कोणीच नाही.

हवालदार : अहो, म्हणजे मघापासून ते हॉर्न जे वाजतायत ते...

काकू : आपल्यासाठीच.

कॅप्टन : ओ हवालदार! हे काय चाललंय? पुढचे या गाडीपाशी अडकलेत, मागची रांग पार पुलापर्यंत गेलीय. ही गाडी आडवी कुणी घातली?

काकू : मी.

कॅप्टन : आजी, बाजूला व्हा जरा.

काकू : आजी कुणाला म्हणतोस? दाढी बघ स्वतःची, अर्धी पिकलीय. तू कोण?

हवालदार : काकू, हे रॅलीचे कॅप्टन.

काकू : असं होय! बरं झालं, मोठा मासा मिळाला. वळ बघू जरा. पाठीवर काय लिहिलंय?

कॅप्टन : क्लबचं नाव आहे.

काकू : वाच ना मोठ्याने.

कॅप्टन : यमदूत.

काकू : हवालदार, ऐकलंस? यमदूत! तीनशे यमदूत एका मेलेल्या माणसाची वाट अडवून उभे आहेत, आणि म्हणे बाजूला व्हा. लाजा वाटत नाहीत? मेलेल्याला नेणं हे तर तुमचं काम!

कॅप्टन : म्हणजे, या गाडीत... माफ करा काकू. मला वाटलं रिकामी आहे. कोण गेलं?

काकू : घड्याळवाले. चौकातलं दुकान.

कॅप्टन : कापूसकाका?

काकू : कोण?

कॅप्टन : नाही, म्हणजे... ते दरवर्षी दुकानाच्या दारात कानात कापूस घालून उभे असायचे ना, आमच्याकडे डोळे वटारून. म्हणून आमच्यात त्यांना प्रेमाने... कापूसकाका दिसले की आम्ही हात करायचो. ते दिसले म्हणजे गावात पोचलो असं वाटायचं. आज दिसले नाहीत. मी पोरांना म्हटलं, म्हातारा सुधारला.

काकू : सुधारायचे नाहीत ते. मरण पत्करलं.

कॅप्टन : तुम्हालाही ओळखतो की! त्यांच्या मागे, वरच्या खिडकीत, पडद्याआडून तुम्ही आम्हाला हात हलवायच्या.

काकू : श्श! हळू बोल. ते इथेच आहेत.

हवालदार : काकू! तुम्ही हात हलवायच्या? काकांनी इतकी वर्षं रॅलीविरुद्ध रान उठवलं, आणि त्यांच्याच घरातून...

काकू : मग काय करू? वर्षभर घरात टिकटिक. भिंतीवर घड्याळं, कपाटात घड्याळं, पलंगाखाली पेटीत घड्याळं. भांडं जरा आपटलं की "श्श, ठोका ऐकतोय." पोरगी रडली की "श्श." मी लग्न होऊन आले तेव्हा गाणं म्हणायचे रे मी, चांगलं खणखणीत. पहिल्याच आठवड्यात "श्श." मग वर्षातून तीन दिवस तुम्ही यायचात, बोंबलत, धूर सोडत. मला बरं वाटायचं. कुणीतरी ह्यांचं ऐकत नाही, एवढं बघूनच बरं वाटायचं.

कॅप्टन : मग तुम्ही आमच्या बाजूच्या!

काकू : अजिबात नाही. नवरा तो. ह्यांचं काम कानाचं. घड्याळ कानाला लावलं की सांगायचे, कुठला दात झिजलाय, कुठे तेल सुकलंय. तुम्ही आलात की तीन दिवस दुकान बंद. बंद दुकानात बसून राहायचे, नुसते हाताकडे बघत. तेव्हा तुमचा रागही यायचा मला. दोन्ही खरं.

कॅप्टन : माझं मनगटी घड्याळ एकदा त्यांनी दुरुस्त केलं होतं. म्हणाले, "तुझ्या त्या खटाऱ्याच्या थरथरीने याचा जीव गेलाय. पुन्हा आणलंस तर घड्याळ ठेवून घेईन आणि तुला हाकलेन." वर मी दातांचा डॉक्टर आहे कळल्यावर म्हणाले, "म्हणजे दिवसभर लोकांच्या तोंडात घरघर, आणि सुट्टीला गावाच्या कानात."

काकू : बघ, असं चपखल बोलायचे. फक्त माझ्याशी बोलायचे नाहीत.

हवालदार : काकू, साडेतीन वाजले.

काकू : मला वेळ नको सांगू, घड्याळवाल्याची बायको आहे मी. मार्ग सांग.

हवालदार : एक विचार आलाय. कॅप्टन, तुमच्या गाडीला बाजूने ते जोडलेलं आहे, ती पत्र्याची सपाट फळी... तिला चाक किती?

कॅप्टन : सामानाची साइडकार आहे. एक चाक.

हवालदार : म्हणजे दोन आणि एक, तीन. नियमात चारचाकी आहे. तीनचाकी नाही! काकू, बसतंय नियमात!

काकू : अरे, तुझं डोकं चालतं की! मघापासून कुठे ठेवलं होतंस?

कॅप्टन : थांबा, थांबा. तिच्यावर सरबताच्या पेट्या आहेत.

काकू : उतरव.

कॅप्टन : आणि काका... म्हणजे, पडले बिडले तर?

काकू : पट्ट्याने बांध. पेट्या बांधतोस तसेच. पेट्या फुटतात तरी, ह्यांचं आता काय फुटायचंय?

हवालदार : एक मिनिट. हेल्मेट.

काकू : कुणाला?

हवालदार : तुम्ही मागे बसणार ना? तुम्हाला सक्ती आहे. आणि काकांचं... ते स्वारी धरायचे की सामान, यावर आहे.

काकू : सामान धर. इतकी वर्षं मीच वाहत आलेय.

हवालदार : मग हरकत नाही.

कॅप्टन : ठीक आहे काकू. नेतो. सगळी रॅली सोबत येईल. असा थाटात नेतो की गाव बघत राहील. तीनशे इंजिनं एकदम...

काकू : एकही नाही.

कॅप्टन : काय?

काकू : एकही इंजिन वाजायचं नाही. हे शांततेसाठी आयुष्यभर भांडले. एकदाही मिळाली नाही. आज जाताना मिळायला हवी. त्याशिवाय मी गाडी हलवणार नाही.

कॅप्टन : काकू, तो चढ आहे! आणि साइडकारची गाडी म्हणजे म्हैस आहे. इंजिनाशिवाय कशी चढणार?

काकू : ढकला.

कॅप्टन : आणि आमच्या पुढे रस्त्यात जे अडकलेत, त्यांचं काय? त्यांना वळायलाही जागा नाही.

काकू : त्यांनीही ढकलायच्या. एकेकाची पोटं बघा. वर्षभराचा व्यायाम होईल.

कॅप्टन : तुम्हाला कळत नाही. मोटरसायकल बंद करून भर गावातून ढकलत नेणं म्हणजे आमच्यात नाक कापल्यासारखं. बंद पडली असं वाटतं लोकांना. माझं कोण ऐकणार? त्यात एक खाटीक आहे, दोन वकील आहेत, एक मुख्याध्यापिका आहे. ती तर कुणाचंच ऐकत नाही.

काकू : त्यांना सांग, कापूसकाका गेले.

कॅप्टन : ...बरं. सांगून बघतो.

हवालदार : काकू, तुम्ही जरा जास्तच मागताय.

काकू : मी कुठे मागतेय? मला तर गोंगाटच आवडतो. ह्यांच्यासाठी मागतेय. हे आता स्वतः भांडू शकत नाहीत, म्हणून.

(शववाहिका बाजूला घेऊन काकांना साइडकारवर बांधतात. पुढून मागे एकेक इंजिन बंद होत जातं. रांग ढकलत ढकलत चढाला लागते.)

कॅप्टन : काकू, नीट बसलात ना?

काकू : बसलेय. एक हात तुझ्या खांद्यावर, एक ह्यांच्यावर. हेल्मेट नाकावर येतंय तेवढं बघ.

कॅप्टन : हवालदार, मागून रेटा ना जरा. नुसता हात काय लावताय!

हवालदार : कंबर आहे हो माझी.

काकू : सगळ्यांनाच असते. रेट. बदली नाही करणार कुणी.

कॅप्टन : अरे देवा... मेलो. माफ करा, काकू. तसं म्हणायचं नव्हतं.

काकू : म्हण, म्हण. ह्यांना सोबत होईल.

हवालदार : काकांच्या कानात कापूस आहे, काकू.

काकू : मीच घातला सकाळी. अंघोळ घातली, सदरा घातला, आणि हात आपोआप कापसाच्या डबीकडे गेला. रॅलीचा दिवस ना.

हवालदार : लोक बघा कसे गॅलरीत येऊन उभे राहिलेत. कुणाला कळतच नाहीये काय झालं. गाव इतकं गप्प मी कधी बघितलं नाही. नुसते बूट वाजतायत.

काकू : आणि तुमच्या यमदूतांच्या धापा.

कॅप्टन : ती मुख्याध्यापिका सगळ्यात पुढे आहे, काकू. एकटीच ढकलतेय, कुणाला हात लावू देत नाही. रडतेय बहुतेक.

काकू : तिला काय झालं रडायला?

कॅप्टन : काका तिला दरवर्षी नाव घेऊन शिव्या द्यायचे. बाकी कुणाचं नाव त्यांना ठाऊक नव्हतं.

काकू : नशीबवान आहे. मला ते "अगं" म्हणायचे. ती बघ, लेक दिसतेय दारात. निळ्या साडीतली. तिला कळेना कोण येतंय, बघ कशी टाचा उंचावतेय.

हवालदार : थोडंच राहिलंय, काकू.

कॅप्टन : थांबा. हवालदार, थांबा जरा. कसला आवाज येतोय?

हवालदार : कसला?

कॅप्टन : पत्र्यातून. टिक, टिक. माझी साखळी नाही ही. ऐका ना.

हवालदार : काकांकडूनच येतंय.

कॅप्टन : काकू?

काकू : खिशातलं घड्याळ आहे त्यांचं. सदरा बदलला, तर मी सवयीने तेही पुन्हा खिशात टाकलं. बाहेर निघताना ते लागायचंच. सकाळी खुर्चीत बसून त्यांनीच किल्ली दिली त्याला. चहा टाक म्हणाले. मी चहा घेऊन आले, तर...

कॅप्टन : काढून देऊ तुमच्याकडे?

काकू : किल्ली दिली की दीड दिवस चालतं ते. त्यांनी दिलेली किल्ली आहे. उद्या रात्रीपर्यंत चालेल.

हवालदार : काकू, पाणी देऊ का?

काकू : नको. कॅप्टन, गाड्या सुरू करायला सांग.

कॅप्टन : आता? अहो, दार आलं समोर. इतकं सगळं निभावलं, आता दोन मिनिटांसाठी...

काकू : सुरू करा म्हणते ना! झाली त्यांची शांतता. भरपूर झाली.

कॅप्टन : किती गाड्या करू?

काकू : सगळ्या. ह्यांच्या घरात आल्यापासून मला कधी मोठ्याने रडता आलं नाही रे. आज रडायचंय.