दुसरी गोळी न देणाऱ्या डॉक्टरीणबाई

सन्माननीय अध्यक्षमहाराज, व्यासपीठावरील पाहुणे मंडळी, आज ज्यांना आपण निरोप देतो आहोत त्या डॉक्टर इंदुमतीबाई केंजळे, आणि भोर-वेल्ह्याच्या गावोगावहून आलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

मी मानसिंग. अकरा वर्षं बाईंच्या दवाखान्यात कंपाउंडर आहे. मला भाषण कुठून जमणार? पण ही हकिकत माझ्याशिवाय कोण सांगणार?

अडुसष्ट साली विंझरच्या ठकुबाई आल्या. मधुमेह जुना, अंगठ्याची जखम चिघळलेली. साखर उतरवणारी गोळी जास्तीत जास्त चालू होती, तरी निळ्या औषधात लघवी तापवली की नळीत रंग यायचा विटेसारखा लाल, म्हणजे साखर भरपूर. तेव्हा एक नवी गोळी निघाली होती. मी शहाणपणा केला, "बाई, जोडीला ती देऊन टाकू."

बाई म्हणाल्या, "आधी मूत्रपिंडं कशी आहेत ते बघू दे." लघवी तपासली, रक्त पुण्याला पाठवलं. मूत्रपिंडं थकलेली निघाली. "मानसिंग, ही गोळी यांच्या अंगात साठेल. घात होईल. इन्सुलिनच द्यायचं."

ठकुबाई उठल्याच. "रोज सुई? त्यापरीस मरू द्या मला. आन् विंझरात टोचनार कोन?"

सोबत त्यांची सून होती, अंजना. हळूच म्हणाली, "म्या टोचीन."

तिला अक्षरओळख नव्हती. बाईंनी आठ दिवस तिला स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. वांग्यात पाणी टोचून तिचा हात बसवला, पिचकारीवरच्या रेघा मोजायला शिकवल्या. सुई उकळायची, बाटली ओल्या वाळूच्या मडक्यात ठेवायची, न्याहारी समोर आल्याशिवाय टोचायचं नाही.

बाई तिला विचारायच्या, "आणि साखर फार उतरून सासूबाईंना दरदरून घाम सुटला तर?"

"आदी गूळ, मंग तुमाला सांगावा."

पहिल्या दिवशी तिनं रेघा मोजून औषध भरलं. ठकुबाईंनी डोळे गच्च मिटलेले. "टोच की गं!"

"झालं बी, आत्या."

महाराज, दोन महिन्यांत नळीतला रंग हिरव्यावर आला. जखम भरली, पाय वाचला. नातीच्या लग्नात ठकुबाई अक्षता टाकायला आपल्या पायांवर उभ्या होत्या! माझं ऐकलं असतं तर? आजही अंगावर काटा येतो.

अंजना आत्ताच आली आहे, ती बघा दाराशी. उशीर का झाला? गावातल्या आणखी दोघांना सकाळची सुई देऊन आली आहे.

आपण शांतपणे ऐकलंत, उपकार झाले. कुणाचं नाव राहिलं असेल, शब्द कमीजास्त झाला असेल, तर पोटात घाला. अंजना, अशी पुढं ये. बाईंना पहिला हार तू घाल.